बैठकीआधीची बैठक

कॉफीचे टंबळर ओले होते. पालथे घातलेले, नीट रांगेत, पण ओले, आणि एकाच्या काठाशी कॉफीचा फेस तसाच चिकटलेला. म्हणजे धुणाऱ्याने घाई केली होती. मी हात लावून पाहिला. कोमट. नाकाशी नेला तर चिकोरीचा भपका आला, कोपऱ्यावरच्या हॉटेलातली कॉफी, दुसरं काय. माझ्या काखेत घरून आणलेल्या कॉफीच्या डिकॉक्शनचा कॅन होता, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला, आणि या तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी समाजाच्या मंडपाच्या स्वयंपाकघरात मी तो तसाच धरून उभी राहिले. बैठक अजून व्हायची होती. बैठकीला कुणी आलेलं नव्हतं. कमिटीची माणसं येतात ती माझ्यानंतर, एकेकटी, पुढल्या दाराने, चपला काढत, घाम पुसत, घरून थेट आल्यासारखी. आणि कॉफी होते ती बैठक संपल्यावर, मी केलेली. इतकी वर्षं हे असंच. आज माझ्याने घरी बसवेना म्हणून मी लवकर रिक्षा केली, एवढाच काय तो फरक. मग ही कॉफी प्यालं कोण?

उत्तर खिडकीतून आलं. मागल्या मैदानात कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक आहे, तिथून. आधी हसू आलं, मग बोलणं. सगळं तमिळमध्ये. हसणारी बाई कोण ते मला ओळखता येईना. माझ्यासमोर कधी न हसलेली बाई हसली तर ओळखायची कशी? मग ती बोलली तेव्हा कळलं, सरोजा. शाळेत मास्तरीण आहे ती, कमिटीवर माझ्यानंतर आलेली दुसरी बाई, आणि बैठकीत तिच्या तोंडून आजवर 'हो बाई' याखेरीज शब्द ऐकलेला मला आठवत नाही. तिच्याशेजारी गणेशकुमार होता, स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं दक्षिण रस्त्यावर. तो कुणाचा तरी आवाज काढत होता. पदर सावरल्यासारखं करत, मान ताठ करत, मराठीत म्हणत होता, "शुद्ध बोल रे मेल्या, शुद्ध!" तो आवाज माझा होता. चांगला काढला होता मेल्याने. आणि मग प्रद्युम्न, आमचा सेक्रेटरी, विमा कचेरीतला, सगळ्यांना गप्प करत म्हणाला, "आज पण 'हो बाई'च म्हणायचं. शेडचं पुढे मी बघतो. कंत्राटदाराला सांगतो, बाईंना म्हण, सिमेंट महाग झालंय, पोंगलचा सण होऊ दे. म्हातारीला दुखवायचं नाही." दुखवायचं नाही! त्या शब्दाला त्याने इतका मऊ सूर लावला होता, जसा आजाऱ्याच्या खोलीबाहेर लावतात तसा.

मी खिडकीपासून मागे सरले. काल मंडपात कुणाचं तरी लग्न होतं, त्याचा वास अजून भिंतींना होता: सुकलेली मोगऱ्याची वेणी, विझलेल्या होमाचा धूर, केळीच्या पानांचा कुजट ओलसर वास. मी पुढे जाऊन माझ्या खुर्चीवर बसले. लाकडी खुर्ची, हातांची. बाकीच्या सगळ्या आता प्लास्टिकच्या, लाल लाल, एकावर एक चढवलेल्या, लहान मुलांच्या खेळण्यासारख्या. ती प्लास्टिकची खरेदी झाली तेव्हाही सगळे 'हो बाई' म्हणाले होते. नाही, तेव्हा मी नको म्हटलं होतं, सगळे 'हो बाई' म्हणाले होते, आणि मग महिन्याभराने खुर्च्या आल्याच होत्या, कशा आल्या कुणी सांगितलं नाही. मी समजले होते, पोरांचा विसराळूपणा. आता एकेक आठवू लागलं. मी म्हटलं होतं, नाटकाला मंडप देऊ नका, 'हो बाई', नाटक झालं, चुकून तारीख दिली गेली म्हणे. मी म्हटलं होतं, राजवाड्याकडल्या बाजूची भिंत उंच करा, 'हो बाई', गवंडी आजारी पडला, मग विटा मिळाल्या नाहीत, मग पाऊस, मग भिंतीचं नाव कुणी काढलं नाही. गवंडी खरंच आजारी होता की तोही त्या बाकावर बसून हसत होता? माझ्या डोक्यात सगळ्या जुन्या बैठका अशा उलट्या होऊ लागल्या, शिवण उसवून आतली बाजू दिसावी तशा.

आणि शेड. तीन वर्षं मी त्या शेडचा ध्यास घेतला आहे. मागल्या मैदानावर, निम्म्याहून अधिक जागेत, पत्र्याची नव्हे, चांगली सिमेंटची, पंखे असलेली भोजनाची शेड. कुणाला वाटेल म्हातारीला हौस. हौस नाही. माझ्या रघुरामचं लग्न या मंडपात झालं. मुलगी तमिळ, अलमेलु, कुंभकोणमची. मी नाही म्हटलं नाही, म्हणून उपयोगही नव्हता. पण लग्न आमच्या मंडपात होईल, आमच्या रीतीने होईल, एवढं मी वदवून घेतलं. आणि पहिल्याच पंगतीला घोळ झाला. मंडपात पानं मांडायला जागा पुरेना, म्हणून त्यांची माणसं बोळात उभी राहिली, उन्हात, जरीच्या साड्यांत, पानं उठायची वाट बघत. तेव्हा अलमेलुची आई हसून म्हणाली, मला ऐकू येईल अशा बेताने, "मराठा राजांच्या घरची माणसं, पण पाव्हण्याला बसवायला जागा नाही हो." आजही केळीच्या पानाचा वास आला की माझ्या कानशिलात ते शब्द तापतात. रघुराम आता बंगळूरला आहे, कंप्यूटरची कसली नोकरी, काचेच्या कचेरीत. रविवारी फोन करतो. नातीला फोन देतो. मी विचारते, "जेवलीस का गे?" तिला सगळं कळतं, पण उत्तर देते तमिळमध्ये, आणि मग तिकडे कुणीतरी हळूच फोन घेतं. तरी मला वाटतं, ही शेड झाली, नातीचं लग्न तिथं झालं, माणसं एका दमात बसली, तर ते उन्हातलं बोलणं पुसलं जाईल. कधी होणार तिचं लग्न, तेव्हा मी असेन का, हे मी विचारत नाही. शेड मात्र व्हायला हवी.

बोळात बाईच्या चपलांचा आवाज झाला. पहिली आली सरोजा, पुढल्या दाराने, मैदानाला वळसा घालून. कपाळाचा घाम पुसला, अगदी घरून आल्यासारखी. मला बघून थबकली. "बाई! लवकर आलात." "आले," मी म्हटलं. "घरी कॉफी झाली का तुझी?" तिने पदर उगाच नीट केला. "झाली बाई." तेवढंच. मग गणेशकुमार, हातात स्कूटरची किल्ली फिरवत. मग हनुमंतराव, आमचे अध्यक्ष, ज्यांना खुर्ची दिली की डुलकी लागते. त्यांना मैदानातली बैठक माहीत होती की नाही कोण जाणे, त्यांना जागेपणी कुठलीच बैठक नीट माहीत नसते. शेवटी प्रद्युम्न, फाईल काखेत, वाकून नमस्कार. एकेकाचा चेहरा मी बघत होते. बाकावर इतकी हसणारी, भांडणारी माणसं, आणि त्या उंबऱ्यातून आत येताना त्यांची तोंडं कशी बंद होत गेली, दुकानाच्या फळ्या लावाव्या तशी. मी हे दर बैठकीला बघत होते. मला वाटायचं, हा मान.

मान म्हणजे काय ते मला ह्यांच्याकडून कळलं, माझ्या यजमानांकडून. हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या वाड्यांतल्या माणसांनी वर्गणी काढून हा मंडप उभारला तेव्हा विटा मोजायला हे स्वतः उन्हात उभे राहत, तिरुवैयारुहून नदीची वाळू गाडीने आणत. मी त्याच तिरुवैयारुची. माझ्या माहेरचं दार उघडलं की कावेरी, पलीकडे कुणाच्या तरी घरात गाणं शिकवणं चाललेलं. बापाने दोन इयत्ता शिकवलं आणि पुरे म्हणाला. लग्न होऊन इथं आले तेव्हा घरात मराठी, स्वयंपाकात मराठी, देवापुढे मराठी, आणि दार ओलांडलं की तमिळ. हे म्हणायचे, "बाहेर काय वाटेल ते बोला. ह्या मंडपात पाय ठेवला की आपली भाषा. नाहीतर ह्या भिंती कशाला बांधल्या?" ते गेल्यावर कमिटीने मला त्यांच्या जागी घेतलं. मला ठाऊक आहे, त्यांना वाटलं, बाई आहे, शिकलेली नाही, गप्प बसेल. गप्प बसले नाही मी. ह्यांचा नियम मी धरला. कुणी तमिळ शब्द काढला की मी हात वर करायची. कुणी मराठी वाकडं बोललं की मी सरळ करून द्यायची. सरोजा पहिल्या बैठकीत काहीतरी सांगायला उठली होती, मैदानाबद्दलच बहुतेक, आणि शब्द सापडेना म्हणून अडखळली, तेव्हा मी म्हटलं, "आधी घरी शिकून ये गे, मग बोल." सगळे हसले. तिने शिकून यायला हवं होतं. शिकणं काही अवघड आहे का? एकदा पुण्याहून एक बाई सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्या बघायला आली होती, मी तिला मंडपात चहाला बोलावलं. तिने माझं बोलणं ऐकलं आणि डोळे मोठे करून म्हणाली, "किती जुनं, किती गोड बोलता हो तुम्ही!" मला इतका राग आला की तिला दुसरा कप दिला नाही. पण रात्रभर मला ते टोचत राहिलं, की जिथली भाषा म्हणून मी इतकी जपते तिथल्या माणसाला मी म्हणजे म्युझियममधलं बाहुलं.

"सुरुवात करू या का बाई?" प्रद्युम्न म्हणाला. मराठीत. त्याचं मराठी सावकाश चालतं, ओल्या फरशीवर चालल्यासारखं. फाईल उघडली. पहिला विषय शेड. कंत्राटदाराला उद्या सांगायचं होतं, मीच तसं ठरवून आले होते, मंडपाच्या शेजारचाच माणूस तो, त्याने माझ्या घरी येऊन नकाशा दाखवला होता. मी नकाशा टेबलावर पसरला. पंख्याच्या वाऱ्याने त्याची कडा वर खाली होऊ लागली, सरोजाने बोटाने दाबून धरली. तिची नखं मास्तरणीची, खडूने कोरडी पडलेली. "तर मैदानावर शेड," मी म्हटलं. "कुणाला काही बोलायचंय?"

पंखा फिरत होता. वर कबुतरं घुटमळत होती. गणेशकुमार म्हणाला, "हो बाई." सरोजा म्हणाली, "हो बाई." त्यांच्या आवाजात कसलीच लबाडी नव्हती, हे मला जास्त लागलं. लबाडी असती तर मी पकडली असती, चोराला धरावं तशी. ही नुसती सवय होती, पावसात छत्री उघडण्यासारखी. मी म्हटलं तर आत्ता सगळं बोलून दाखवू शकत होते: मी आले, मी ऐकलं, मी तुमचे टंबळर हुंगले. माझ्या जिभेला ते सोपं होतं. जीभ हे माझं एकच हत्यार, आणि ते मी आयुष्यभर पाजळून ठेवलं आहे. पण मग काय झालं असतं? त्यांनी मान खाली घातली असती, परत 'हो बाई' म्हटलं असतं, आणि पुढल्या बैठकीला दुसरा कुठला तरी बाक शोधला असता. मैदान मोठं आहे. मला एकदम असं वाटलं, की ह्या मंडपात इतकी वर्षं मी एकटीच बोलत होते, आणि बोलणं म्हणजे जे बाकीच्यांचं असतं, ते सगळं भिंतीच्या पलीकडे चालू होतं.

मी तमिळमध्ये म्हटलं, "तमिळमध्येच बोला. मनात आहे ते बोला. मी हात वर करणार नाही."

हनुमंतरावांनी डोळे उघडले. ह्या भिंतींनी माझ्या तोंडून तमिळ कधी ऐकलं नव्हतं. भाजीवालीने ऐकलं असेल, रिक्षावाल्याने ऐकलं असेल, ह्या भिंतींनी नाही. सरोजाने बोट नकाशावरून उचललं, कागद उडाला, आणि तिने तो तसाच उडू दिला. प्रद्युम्नने तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती. "बाई, खरंच?" "मी चेष्टा करते का कधी?" मी म्हटलं. आणि तेव्हा गणेशकुमार हसला, न राहवून, आणि त्याच्या हसण्यातच दार उघडलं.

सरोजा बोलू लागली. तिचा आवाज वर्गातला होता, स्वच्छ, मागल्या बाकापर्यंत जाणारा. तिचा मुलगा, मला वाटायचं अभ्यासात मंद, म्हणून ती त्याचं नाव काढत नाही. मंद नाही म्हणाली, तो बोलतच नाही, कुणाशीच नाही, शाळा त्याला ठेवेना. पण संध्याकाळी ह्या मैदानात पोरं शटल-बॅडमिंटन खेळतात, त्यांनी त्याला फूल गोळा करायला ठेवलं, मग हळूहळू बॅट दिली, आणि आता तो संध्याकाळ झाली की स्वतः चपला घालून दारात उभा राहतो. "तुमच्या शेडचे खांब बरोब्बर त्याच्या कोर्टात येतात बाई," ती म्हणाली. गणेशकुमार म्हणाला, त्याची आई आणि गल्लीतल्या बायका पहाटे इथं फेऱ्या घालतात, डॉक्टरने साखरेसाठी सांगितलंय, रस्त्यावर आता मारुती आणि मोटारसायकली इतक्या झाल्यात की म्हाताऱ्या बायांनी चालायचं कुठं? मग प्रद्युम्न आणि तो एकमेकांशीच भांडू लागले, दिवे लावावे की नाही, भाडं ठेवावं की नाही, पोरींना वेगळी वेळ द्यावी का. हनुमंतरावसुद्धा म्हणाले, त्यांना एक बाक हवा, पाठ टेकायचा. सगळे हसले. लग्नांच्या पंगतींवरही त्यांनी उपाय काढला होता आधीच: पुढल्या बोळावर कापडाचा पंदल, म्हणजे मांडवच, लग्नाच्या दिवशी घालायचा, दुसऱ्या दिवशी काढायचा. साधी गोष्ट. तीन वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती. कुणाला सांगता आली नव्हती.

मी सगळं ऐकत होते. मला एकेक शब्द कळत होता, त्यांच्याइतकाच, कदाचित जास्त. माझं तमिळ नदीकाठचं आहे. सुरुवातीला ते माझ्याकडे बघून बोलत होते. मग एकमेकांकडे. मग कुणीच माझ्याकडे बघेना. सरोजाने गणेशकुमारच्या हातावर चापट मारली, प्रद्युम्नने उडालेला माझा नकाशा उचलला आणि त्याच्या मागल्या कोऱ्या बाजूवर कोर्टाची रेघ काढली, तिघांची डोकी त्याच्यावर वाकली. मी खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसले होते. लाकूड गुळगुळीत झालं होतं, माझ्याच तळव्यांनी. गप्प बसलेल्या माणसांत मला कधी एकटं वाटलं नव्हतं, त्यांचं ते गप्प बसणं माझं होतं. आता ही बोलणारी माणसं, आणि मी त्यांच्या मधोमध, देवळातल्या गर्दीत चुकलेल्या बाईसारखी. मला वाटलं, एखादा शब्द मध्ये टाकावा. कोर्टावर कडुलिंबाचा पाला पडतो, रोज झाडावा लागेल, असं काहीतरी. तोंड उघडलं. तोवर ते दिव्यांकडे गेले होते.

ठरलं. मैदान तसंच राहणार. शेड नाही. आता एकच बाकी होतं. ह्यांनी घालून दिलेली रीत आहे: जे ठरेल ते शेवटी मराठीत उभं राहून सांगायचं, आणि सगळ्यात वडील माणसाने 'मान्य' म्हटलं की झालं. वडील मी. मी 'नाही' म्हटलं तर तेही चालतं, एका 'नाही'ने सगळं राहतं, ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. प्रद्युम्न उठला. बसून तमिळमध्ये भांडणारा तो मुलगा उभा राहताच पुन्हा ओल्या फरशीवर आला. मान पुढे करून त्याने शब्द शोधायला सुरुवात केली. "मागलं मैदान, बाई... ते तसंच राहणार. खेळाला. बायकांना चालायला. शेड... शेड आम्हांला नको. हे सगळ्यांनी... सगळ्यांच्या मनातून सांगितलं." त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. सगळी संध्याकाळ इतकं बोलणं झालं, पण मला उद्देशून, माझ्यासाठी म्हणून, माझ्या भाषेत एकेक शब्द उचलून आणलेलं असं एवढंच. मी त्याची एखादी चूक काढीन म्हणून त्याने वाट बघितली. मी काढली नाही.

'नाही' माझ्या जिभेच्या टोकाशी होतं. अलमेलुच्या आईचं हसू होतं, बोळातलं ऊन होतं. 'मान्य'ही होतं. सरोजाचा मुलगा, चपला घालून दारात उभा. गणेशकुमारने किल्ली खिशातून काढली होती. मी 'मान्य' म्हणाले की ती उठतील, खुर्च्या एकमेकांवर चढवतील, दिवा मालवतील. मग रिक्षा, मग घर, मग शेजारच्या केबल टीव्हीवर कुणीतरी रडत असेल ते भिंतीतून ऐकत ताट वाढून घ्यायचं. प्रद्युम्न अजून उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत.

"नीट ऐकू आलं नाही रे मला," मी म्हटलं. "इथं जवळ बसून सांग."

त्याने लाल खुर्ची ओढली, माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसला. शब्द अडलाच तर मदतीला म्हणून सरोजाही आपली जागा सोडून आली आणि माझ्या खुर्चीच्या हातावर तिने हात टेकला. गणेशकुमारने किल्ली परत खिशात ठेवली.

"मैदान, बाई..." प्रद्युम्नने सुरुवात केली.

"हं," मी म्हटलं. "मग?"